वाघमारे मॅडम बसत नाहीत

आमच्या नर्सिंग स्कूलच्या स्टाफरूममध्ये वाघमारे मॅडमच्या खुर्चीवर एक सांगाडा बसायचा.

अगदी खराखुरा, शरीररचनेच्या वर्गातला. त्याची एक फासळी तुटली होती आणि डाव्या हाताची बोटं तारेने बांधलेली होती, म्हणून वर्गातून त्याची हकालपट्टी झाली होती. तो भंगारात जाणार हे कळल्यावर वाघमारे मॅडमनी त्याला उचलून आणलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची त्यांना लागतच नव्हती. त्या उभ्याने पेपर तपासायच्या, उभ्याने डबा खायच्या, आणि वर्गात तर शिकवता शिकवता इतक्या फिरायच्या की मागच्या बाकावरच्या मुलींची मान आखडायची.

इन्स्पेक्शनला आलेल्या एका साहेबांनी एकदा चष्मा वर करून विचारलं, "ये कौन है?"

"आमचेच एक ट्यूटर साहेब," वाघमारे मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "लई वर्सं झाली, खुर्चीवरून उठलेच नाहीत. बघा काय अवस्था झाली."

साहेबांना मराठी येत नव्हती, म्हणून हेच मॅडमनी हैदराबादी हिंदीत पुन्हा सांगितलं. साहेबांनी उरलेलं इन्स्पेक्शन उभ्यानेच उरकलं.

मी पुण्याची. नवरा कॉम्प्युटरमधला. त्या काळात देशाची दारं नुकतीच उघडली होती, कंपन्यांवर कंपन्या येत होत्या, आणि कॉम्प्युटर शिकलेला जो तो बायकोला म्हणत होता, "आता हैदराबाद!" आमच्याही घरात ते वाक्य उच्चारलं गेलं आणि आम्ही सामान बांधलं. माझ्याकडे नर्सिंगची पदवी होती, वॉर्डातला अनुभव होता. गौलीगुडा आणि कोठीच्या मधल्या एका गल्लीत एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, त्याला जोडून नर्सिंग स्कूल. तिथे मला ट्यूटरची जागा मिळाली.

ट्यूटर म्हणजे नर्स होणाऱ्या मुलींना शिकवणारी नर्स. वॉर्डात असेपर्यंत ही बाई पायाचे तुकडे पडेपर्यंत पळते. सलाइन, इंजेक्शन, बेडपॅन, डॉक्टरांचा राउंड, नातेवाइकांची भांडणं. मग ती परीक्षा देते, ट्यूटर होते, तिला एक टेबल मिळतं, टेबलामागे खुर्ची मिळते. ती आयुष्यात पहिल्यांदा निवांत बसते. आणि बसते ती बसतेच.

त्यात आमच्याकडे सुधारणा आली. जुन्या लाकडी खुर्च्या गेल्या, चाकं असलेल्या, गोल फिरणाऱ्या, फोमच्या खुर्च्या आल्या. ऑफिसात निरोप द्यायला पूर्वी जिना उतरावा लागे, आता टेबलावर इंटरकॉम आला. पाण्याचा फिल्टर आत आला, चहा आत आला. कोट्टायमची लिलीकुट्टी ही आमच्यातली सगळ्यांत वजनदार ट्यूटर. ती तर खुर्चीवरून न उठता, नुसत्या पायाच्या एका रेट्यावर कपाट, खिडकी आणि पंख्याचं बटण असा दौरा करून परत टेबलाशी यायची. घरी सगळ्यांकडे रंगीत टीव्ही आणि केबल. नवऱ्याच्या हातात रिमोट. म्हणजे चॅनेल बदलायला उठायचा व्यायामही गेला.

"सरकारनं समदं खुलं केलं म्हणतेत," वाघमारे मॅडम म्हणायच्या, "आपले गुडघे तेवढे बंद पडायलेत."

मॅडम उदगीरकडच्या. सुलोचना मारुती वाघमारे. काळ्यासावळ्या, काटक, पन्नाशीच्या अलीकडच्या, पांढरी कॉटनची साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मी घाबरून गेले होते, कारण एका वाक्यात त्या तीन भाषा ओलांडायच्या. "आपटेबाई, वो फाईल अक्कडा पेट्टू आन चला बिगी बिगी!" म्हणजे फाईल तिथे ठेवा आणि निघा. माझ्या आडनावाचा तर त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल लावला. मी दमून खुर्चीत बसले, तशा त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "आपटे म्हणून असं आपटायचं का काय खुर्चीत? उठा, बूड उचला!"

'बूड उचला' हा त्यांचा महामंत्र. पुण्यात हा शब्द चारचौघांत कुणी उच्चारत नाही. इथे तो दिवसातून किती वेळा कानावर पडायचा याची गणतीच नव्हती. सोबतीला एक तेलुगू 'पदंडी', म्हणजे चला. चार प्रांतांतल्या आम्ही सगळ्या बायका एकमेकींशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचो, पण 'बूड उचला' सगळ्यांना मराठीतच कळायचं.

त्यांचा मुद्दा मात्र बिनतोड होता. "आपण पोरींना काय शिकवतो? पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी उठवा. रडला तरी उठवा. पडून राहिला तर रक्त साकळतंय, छातीत कफ भरतोय, पाय सुजतेत. खरं का खोटं? मग पोट फाडलेला माणूस व्हरांड्यात चालतोय, आन आपण धडधाकट बायका जिना चढताना देवाचं नाव घेतोय!"

आणि बोलून थांबणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. जेवणानंतर लिलीकुट्टी खुर्चीत डोळे मिटून विसावली की त्या तिच्यापाशी जायच्या आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटशी बोलावं तशा मऊ आवाजात सुरू व्हायच्या. "अब धीरे से बाजू पे होना. पैर नीचे छोडना. लंबी साँस. चक्कर आरा क्या? नहीं आरा? शाब्बास. अब मेरा हात पकडो." लिलीकुट्टी संतापाने ताडकन उभी राहायची. "मैं पेशंट नहीं है!" मॅडम शांतपणे म्हणायच्या, "झालं. उभी राहिली."

मग त्यांनी चहावर हल्ला केला. कँटीनवाल्याशी काय बोलल्या कोण जाणे, एके दिवशी स्टाफरूममध्ये येणारा चहा बंद झाला आणि गच्चीवर मिळायला लागला. स्टाफरूम तळमजल्यावर. तीन दिवस आम्ही बहिष्कार घातला. चौथ्या दिवशी लिलीकुट्टी पदर खोचून जिन्याकडे निघाली, तिच्यामागून आम्ही सगळ्या. वर मॅडम चहाच्या किटलीशेजारी उभ्या होत्या. विजयाचं हसू लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. चहा थंड झाला होता. तो आम्ही धापा टाकत प्यायलो.

इथपर्यंत सगळी गंमत होती. एका दुपारी ती संपली.

लिलीकुट्टी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गावर निघाली होती. मधल्या वळणावर तिला दरदरून घाम सुटला, आणि ती कठड्याला धरून पायरीवरच बसली. मॅडम धावल्या, मी धावले. हॉस्पिटल शेजारीच, त्यामुळे पुढचं सगळं पटकन झालं. हृदय ठीक होतं. पण साखर भलतीच वाढलेली, रक्तदाबही, आणि डॉक्टर म्हणाले की अशीच बसून राहिलीस तर पुढच्या वेळी मी एवढ्या सहज सोडणार नाही. लिलीकुट्टी तेव्हा चाळिशीत होती. दोन मुलं शाळेत, नवरा आखातात.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये ती हुंदके देऊन रडली. "डायबेटिस का चॅप्टर मैं पढाती," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मैं पढाती! बच्चे लोगां को मैं बताती, एक्सरसाइज करना बोलके!"

मला वाटलं, आता वाघमारे मॅडमचं भाषण होणार. पण त्यांनी लिलीकुट्टीची पर्स उचलली, तिला रिक्षात बसवून घरी सोडून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटीच्या बऱ्याच आधी, त्या लिलीकुट्टीच्या फाटकाशी हजर. हे मला पुढे लिलीकुट्टीनेच सांगितलं. तिने दार उघडलं तर बाई बूट घालून उभ्या. म्हणाल्या, "लिली, मला फिरायला जायचंय. पण गल्लीत कुत्री लई झालीत, एकटीला भीती वाटती. सोबत ये गं जरा."

वाघमारे मॅडमना कुत्र्याची भीती! हॉस्पिटलच्या आवारातली सगळी कुत्री त्यांच्या नुसत्या 'हाड'ने भिंतीवरून उड्या टाकायची. पण लिलीकुट्टीने हे मनात ठेवलं आणि चपला घातल्या. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. मग दुधाच्या बूथपर्यंत. मग चर्चपर्यंत. मॅडम रोज यायच्या, रोज कुत्र्यांना घाबरायच्या.

त्या आजारपणाने आम्ही सगळ्याच हादरलो होतो. मॅडमनी लोखंड तापलेलं पाहिलं आणि थेट प्रिन्सिपॉल पद्मावती मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या. शेवटचा तास संपल्यावर सुट्टी होईपर्यंत अर्धा तास आम्ही जांभया देत बसायचो. तो अर्धा तास चालण्यासाठी द्या, म्हणाल्या. पद्मावती मॅडम कडक इस्त्रीच्या बाई. स्टाफ रस्त्यावर फिरताना लोकांना दिसला तर काय म्हणतील, ही त्यांची काळजी. तरी लिलीकुट्टीचं नाव निघालं तेव्हा त्या नरमल्या. "ट्रायल बेसिस," एवढंच म्हणाल्या.

त्या अर्ध्या तासाने मला हैदराबाद दाखवलं. आम्ही आठ बायका, रंगीबेरंगी साड्या आणि सगळ्यांच्या पायांत पांढरे बूट. "हम क्या पोलीस है?" म्हणून लिलीकुट्टीने कुरकुर केली, पण घातले. शाळेपासून कोठी, तिथून आबिड्सच्या दिशेने जमेल तितकं, आणि परत. अडचण एकच होती, कोठी. एकीकडे जुनी पुस्तकं, दुसरीकडे बांगड्या, तिसरीकडे चादरी. पहिल्या आठवड्यात आमचं चालणं कमी आणि थांबणं जास्त झालं. मग मॅडमनी कायदा केला. थांबायचं तर थांबा, पण पाय थांबता कामा नयेत. भाव करायचा तो जागच्या जागी पाय मारत.

ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. आठ बायका एका बांगडीवाल्यासमोर उभ्या, पाय खालीवर, खालीवर, आणि तोंडाने घासाघीस. तो बिचारा वृद्ध मियाँ आमच्याकडे पाहून पाहून शेवटी डोळे मिटून म्हणाला, "अम्मा, जो देना है दे दो, पन ठैर जाओ. मेरेकू चक्कर आरा!"

आसपासची पोरं हसायची, शिट्ट्या मारायची. एकदा कुणीतरी ओरडलं, "अरे, मोर्चा आया!" मॅडमनी मागे वळून तितक्याच जोरात विचारलं, "आते क्या तुम भी?" ते पुन्हा ओरडले नाहीत. काही महिन्यांत दुकानदार आमच्या येण्यावर घड्याळ लावायला लागले. माझी पाठ दुखायची थांबली. लिलीकुट्टीची साखर उतरली आणि ब्लाउज सैल झाले. शिंप्याकडेसुद्धा ती चालत गेली.

हिवाळ्यात स्कूलचा स्पोर्ट्स डे आला. दरवर्षी मुली धावायच्या आणि आम्ही मांडवात खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायचो. या वर्षी वाघमारे मॅडमनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "रस्सीखेच. ट्यूटर विरुद्ध फायनल इयर."

पद्मावती मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "स्टाफ की डिग्निटी का क्या?"

"मॅडम, डिग्निटी कुर्सी में होती, तो प्रमोशन भी कुर्सी को दो."

मग पद्मावती मॅडम सावकाश म्हणाल्या, "ठीक है. लेकिन चीफ गेस्ट के सामने स्टाफ का मजाक बना, तो वो आधा घंटा बंद. मैं पहलेच बोल देती."

म्हणजे आता खेळ राहिला नाही. हॉस्पिटलच्या धोबीघाटातून जाड दोर मिळवला आणि आम्ही सुट्टीनंतर आवारातल्या चिंचेच्या झाडाला बांधून तो ओढायला लागलो. झाड हललं नाही, पण आम्ही तयार झालो. मॅडम दोराच्या टोकाला, कमरेभोवती वेढा घेऊन. "हात नक्को, पाय! टाचा रोवा! आन आता बूड खाली, खाली!" जन्मभर उचलायला सांगितलेली वस्तू आता खाली ठेवायची, यावर लिलीकुट्टी इतकी हसली की पहिल्याच दिवशी सगळ्या एकमेकींवर कोसळलो.

स्पोर्ट्स डेला मैदान भरलेलं. मांडवात चीफ गेस्ट, ट्रस्टी, डॉक्टर. आम्ही पदर खोचून उतरलो तेव्हा हशाची एक लाट उठली. समोर फायनल इयरच्या मुली, वीस-एकवीस वर्षांच्या, घोड्यांसारख्या. पहिली खेच शिट्टी वाजली आणि संपलीसुद्धा. आम्ही मातीत तोंडघशी पडलो. मांडवात कुणीतरी तोंडावर रुमाल धरल्याचं मी पाहिलं. पद्मावती मॅडम आमच्याकडे पाहतच नव्हत्या.

"घाईनं वढू नका," मॅडम धूळ झटकत म्हणाल्या. "त्यांना दमू द्या. आपण नुसतं उभं राहायचं. उभं राहणं आपल्याला येतंय."

दुसऱ्या वेळी आम्ही नुसत्या उभ्या राहिलो. पोरींनी जीव खाऊन ओढलं, आम्ही टाचा रोवल्या. त्यांचा दम सुटला त्या क्षणी मागून मॅडमची आरोळी आली आणि आम्ही मागे सरकलो, अजून मागे, आणि रेघ ओलांडून त्या सगळ्याजणी आमच्या बाजूला आल्या. मैदानात असा आवाज उठला की शेजारच्या वॉर्डांच्या खिडक्यांत पेशंट येऊन उभे राहिले. एक-एक बरोबरी. आता शेवटची.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा मैदानात आला. गुडघ्यापर्यंत धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टापर, काखेत पिशवी. तो सरळ आमच्या ओळीच्या शेवटी गेला आणि थांबला. कमरेला दोर गुंडाळलेल्या, मातीने माखलेल्या वाघमारे मॅडमकडे पाहत राहिला.

"सुले," तो म्हणाला, "तू अजून दोरच वढायलीस व्हय?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "बा," एवढंच त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पुढेच उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. म्हाताऱ्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "जलमभर दुसऱ्याच्या हिरीवर मोटंचा दोर वढला म्या. उन्हात उभं ऱ्हाऊन. म्हून तुला शिकवलं. साऱ्या गावाला सांगत फिरतोय, माजी लेक खुर्चीवर बसून शिकवती. म्हनलं डोळं मिटायच्या आदी एकडाव बघून यावं. एस.टी.नं आलो. आन तू हितं मातीत."

मी तेव्हा पुण्याच्या मध्यमवर्गात वाढलेली बाई होते. माझ्या वडिलांना खुर्ची म्हणजे बसायची वस्तू. या माणसाला आयुष्यात कुणी खुर्ची पुढे केली नव्हती, आणि लेकीला मिळालेल्या एका खुर्चीवर तो गावात मान वर करून चालत होता. त्या खुर्चीवरून उठा म्हणून त्याची लेक जगाच्या मागे लागली होती. दोघांचंही खरं होतं.

मॅडमनी वाद घातला नाही. समजावून सांगितलं नाही. कमरेचा दोर सोडला, खोचलेला पदर काढून नीट केला, नळावर तोंड धुतलं आणि वडिलांचा हात धरून मांडवाकडे चालायला लागल्या. पद्मावती मॅडम हे सगळं पाहत होत्या. त्यांना मराठी कळत नव्हती, पण बाकी सगळं कळलं असावं. त्या उठल्या, चीफ गेस्टशेजारची आपली खुर्ची म्हाताऱ्याला दिली, आणि त्याच्या बाजूची वाघमारे मॅडमसाठी ओढली. म्हाताऱ्याने हात जोडून सगळ्यांना "जय भीम" घातला. पद्मावती मॅडम हिंदीत म्हणाल्या, "आपकी बेटी हमारी सबसे सीनियर टीचर है. सब इनसेच सीखते."

आणि वाघमारे मॅडम बसल्या.

पाठ ताठ, हात मांडीवर, फोटोला बसावं तशा. आम्ही सगळ्या दोर हातात धरून पाहतच राहिलो. फायनल इयरच्या मुलीसुद्धा.

"टोकाला कौन?" कुणीतरी विचारलं. रेफ्री शिट्टी तोंडात धरून थांबला होता.

लिलीकुट्टी रांगेतून बाहेर आली. तिने दोराचं टोक उचललं, कमरेभोवती वेढा घेतला आणि टाचा मातीत रोवल्या. "मैं," ती म्हणाली. "पदंडी."

ती खेच किती वेळ चालली मला सांगता येणार नाही. हाताची सालं निघत होती. एकदा आम्ही रेघेच्या अगदी जवळ ओढले गेलो, माझा बूट तिच्यावर घासला. मागून लिलीकुट्टी मल्याळममध्ये कुठल्यातरी संताला हाका मारत होती, पण जागची हलली नाही. मांडवात मॅडम बसलेल्या होत्या. वडिलांसाठी बसायचं ठरवलंच होतं, म्हणून बसून होत्या. पण त्यांचे दोन्ही बूट जमिनीवर थाडथाड आपटत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. खुर्चीवरूनच, चीफ गेस्ट दचकतील अशी त्यांनी आरोळी ठोकली, "बूड खाली!"

आम्ही खाली गेलो. आणि फायनल इयर आमच्या बाजूला आलं.

नंतरच्या कल्लोळातलं मला फारसं आठवत नाही. पोरींनीच आम्हाला मिठ्या मारल्या. पद्मावती मॅडम टाळ्या वाजवत होत्या, अगदी हात वर करून, इस्त्रीची पर्वा न करता. त्या अर्ध्या तासाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. पुढच्या वर्षीपासून हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या बायकाही आमच्यात यायला लागल्या. मी जन्मात पुष्कळ बक्षीस समारंभ पाहिलेत, पण त्या दुपारी सात प्रौढ बायका ज्या दिमाखाने मांडवाकडे चालत गेल्या, तो दिमाख मी पुन्हा पाहिला नाही.

आम्ही धापा टाकत खुर्च्यांभोवती जमलो. म्हाताऱ्याने एकेकीकडे पाहिलं. "ह्या कोन?"

"माझ्यासंगं शिकवतेत, बा," मॅडम म्हणाल्या. "ही लिली. हिला साखर हाय, पन आता कमी झाली. ही आपटेबाई, पुण्याची. बोलती लई, चालती बी बरं." असं एकेकीचं सांगत गेल्या. कुणाचा गुडघा, कुणाची पाठ, कुणाची सासू, सगळं त्यांना पाठ होतं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन घरी? घरी कोन असतंय तुज्यापाशी?"

मॅडमनी साडीवरची माती झटकली. धाकट्या भावांना शिकवून, त्यांची लग्नं लावून देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती हे मला ठाऊक होतं. त्यांच्या घरी मात्र आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं.

"घरी कोन नसतंय, बा," त्या साध्या आवाजात म्हणाल्या. "म्हून तर ह्यांना घिऊन हिंडती संध्याकाळचं."

लिलीकुट्टीला किती मराठी समजली कोण जाणे, पण तिने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले.

म्हाताऱ्याने लेकीचा हात आपल्या हातात घेतला आणि उताणा केला. तळव्यावर दोराचा लाल वळ उठला होता, मधे कातडं सोलवटलं होतं. असे वळ त्याच्या ओळखीचे होते. त्याने आपल्या राठ अंगठ्याने वळाच्या कडेकडेने, दुखणार नाही इतक्या हलक्या हाताने चोळलं, आणि तळव्यावर फुंकर घातली. दिवसभर दुसऱ्यांच्या नाड्या बघणाऱ्या, दुसऱ्यांना हाताला धरून उभं करणाऱ्या या बाईचा हात कुणी असा धरलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

त्यांनी तो काढून घेतला नाही. लहान मुलीसारखा दुसराही पुढे केला.

"लई आग व्हायली, बा," त्या म्हणाल्या.